हातगुण

आप्पा वैद्यांनी ड्रायव्हरचं मनगट धरलं तेव्हा त्यांच्या मुलीची नजर त्यांच्या बोटांवर होती. जोर इतका, की नखं पांढरी पडली होती. पूर्वी आप्पा नाडीवर बोटं ठेवायचे तेव्हा पेशंटला वाटायचं, माशी बसली. हल्ली माणसं मनगटावर तीन लाल ठसे घेऊन बाहेर पडायची.

“उत्तम,” डोळे मिटूनच आप्पा म्हणाले. “तरण्या माणसाची नाडी आहे.”

“तरणा कसला, अठ्ठावन्न संपली.” ड्रायव्हर हसला आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली. “जिना चढलो की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. म्हटलं, आप्पांनी एकदा हो म्हटलं की झालं. उद्या पहाटे चाळीस माणसं घेऊन घाट उतरायचाय.”

“अहो, वय आहे. उपजायला कारण लागतं, झिजायला लागत नाही. गाडी नुसती उभी ठेवली तरी टायर सडतो की नाही?”

“सडतो की!”

“मग? देहाचं तेच. क्षणाक्षणाला तो चाललेलाच असतो. घाई करू नको, एवढंच आपण त्याला सांगायचं.”

मुलगी स्वतःही वैद्य होती. बारा वर्षं याच टेबलाशी बसून शिकली होती आणि हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. पण ड्रायव्हरच्या सुजलेल्या पायांत मोज्याची कड रुतली होती, ओठ काळपट पडले होते. तिने मुकाट्याने त्याचा दुसरा हात हातात घेतला. तीन ठोके लागले. मग काहीच नाही. मग दोन घाईघाईने, रांग मोडून आल्यासारखे.

संशय तिला कित्येक महिन्यांपासून होता. पण बापाला तोंडावर सांगायचं कसं? आणि तेही पेशंटसमोर?

“आप्पा, हाही हात बघता?”

दोन्ही हात बघून झाल्याशिवाय आप्पा डोळे उघडत नसत. तो त्यांचा जुना नेम. त्यांनी बोटं उचलली आणि वाट पाहत राहिले. ड्रायव्हर हात पुढे करणार, तेवढ्यात मुलीने तो दाबून धरला आणि मनगट टेकवायला ठेवलेली टॉवेलची गुंडाळी आप्पांच्या बोटांखाली सरकवली. आप्पांनी आता डोळे उघडावेत आणि आपल्यावर खेकसावं, एवढीच तिची इच्छा होती. लहानपणी ती त्यांच्या खेकसण्याला फार घाबरायची.

आप्पांची तीन बोटं टॉवेलमध्ये रुतली. ते नेहमीसारखे मान किंचित कलती करून ऐकत राहिले.

“हीसुद्धा उत्तम,” ते म्हणाले. “एकसारखी. बिनघोर गाडी काढा.”

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. तो टॉवेलकडे बघत होता.

आप्पांनी डोळे उघडले. बोटं मात्र तिथेच राहिली. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा हात स्वतःच्या गळ्याशी नेला आणि दोन्हीकडचे ठोके जुळवून पाहिले.

“माझीच नाडी लागत होती,” ते म्हणाले.

मुलीला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. “तुम्ही बस काढायची नाही,” तिने ड्रायव्हरला बजावलं. “आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात चला.” तो शहाण्या मुलासारखा उठून दाराशी उभा राहिला.

“वर्ष झालं,” आप्पा बोटांकडे बघत म्हणाले, “या हाताला एकही वाईट नाडी लागलेली नाही. लोक म्हणायचे, म्हातारपणी आप्पांच्या हाताला गुण आलाय. मलाही ते खरं वाटलं गं.” मग ते एकदम थांबले. “मागच्या महिन्यात तो कोपऱ्यावरचा शिंपी गेला. त्याला मी काय सांगितलं होतं?”

मुलीला आठवत होतं. ड्रायव्हरला वाट करून द्यायला तिने दार उघडलं. बाहेर बाकावर सातजण बसले होते. पहिल्या नंबरला शिंप्याची बायको होती. दार उघडलेलं पाहून ती लगबगीने उठली आणि मनगटावरच्या बांगड्या वर सारू लागली.