दोघांच्या नावावर

बीड बायपासच्या लॉनवर थाटात लागलेलं लग्न दीड वर्षातच मोडायला आलं. तनुजा आणि विश्वजीत वकिलाकडं गेले, तर ते म्हणाले, "लग्नासाठी काढलेलं कर्ज दोघांच्या नावावर आहे. ते आधी फेडा, मग वेगळे व्हा."

लवकर मोकळं व्हायचं म्हणून दोघं झपाटून कामाला लागले. विश्वजीतनं बुलेट विकली आणि तो कंपनीच्या बसनं वाळूजला जाऊ लागला. तनुजानं नोकरी सांभाळून शिकवण्या धरल्या. तिचा धीर सुटला, की तो चहाचा कप पुढं सरकवून म्हणायचा, "आता लई नाय राहिलं." तो ओव्हरटाइम करून गळून आला, की ती ताटात गरम भाकरी वाढत म्हणायची, "तुम्ही होतात म्हणून इथवर आलो." घरमालकीण सारजाबाई तर येईल त्याला सांगायच्या, "एकी बघावी तर ह्या दोघांची!" त्या बिचारीला आतलं काय ठाऊक?

शेवटचा हप्ता भरून दोघं बँकेबाहेर आले. वकिलाचं ऑफिस पलीकडच्याच गल्लीत होतं, पण कुणाचाच पाय उचलेना.

विश्वजीत घसा खाकरून म्हणाला, "मॅनेजरसाहेब म्हणत होते, आता घरासाठी कर्ज मिळंल. दोघांच्या नावावर. वीस वर्षांचं."



तनुजानं विचारलं, "तीस वर्षांचं नाय का देत?"