राहता पत्ता

“खोली दिलीय, देशमुख. पत्ता दिलेला नाही,” यमुनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पावटे सोलू लागल्या.

रोहनने आणखी एकदा विनवून पाहिलं. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. इथला पत्ता लावायला त्यांनी नुसती हरकत घेऊ नये, बाकी काही नको.

“पत्ता दिला की पत्रं येतात. पत्रं आली की ती कोर्टात दाखवतात. आमच्या मागच्या गल्लीत असाच एक भाडेकरू शिरला. तो अजून आहे, मालक वर गेले.”

विषय संपला. कर्वेनगरात बंगल्यामागची ती खोली मिळाली हेच नशीब होतं. त्याआधी बऱ्याच घरांतून नावगाव विचारून ‘कळवतो’ म्हणाले होते आणि कळवलं कुणीच नव्हतं. यमुनाबाईंनी मात्र आडनाव ऐकल्याबरोबर किल्ली हातावर ठेवली. भाडेकरार त्यांनी केला नाही आणि त्यानेही मागितला नाही. अट एकच होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आईने निघताना दिलेली तसबीर त्यामुळे टॉवेलात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी पडली होती.

खोलीपासून जवळच रतनशेठचं आवार होतं. हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्या तिथं उभ्या राहत. रोहन त्या धूत असे. गाडी चालवायला हात अगदी साफ, पण लायसन्सवाचून कंपनी स्टिअरिंगला हात लावू देत नव्हती.

“लायसन आण, गाडी तुझी,” रतनशेठ म्हणाले होते. भला माणूस, पण भलेपणा धंद्याच्या आड येऊ द्यायचा नाही हे त्यांना पक्कं कळत होतं.

वाट शेवटी विम्याच्या एजंटाने दाखवली. विम्याची पॉलिसीही पुरावा म्हणून चालते. रोहनने पॉलिसी काढली, राहता पत्ता म्हणून यमुनाबाईंचा बंगला लिहिला आणि कागद आवारातच हातोहात घेतला. आरटीओत कागद चालले. टेस्टही झाली. मग खिडकीतले साहेब म्हणाले, “लायसन्स इथं मिळणार नाही. पोस्टाने घरी येईल. पाकीट माघारी आलं तर पत्ता खोटा धरतो आम्ही. मग सगळं पहिल्यापासून.”

पाकीट यमुनाबाईंच्या हाती पडलं तर त्या ट्रंक रस्त्यावर ठेवतील, यात त्याला शंका नव्हती. म्हणून त्याने पोस्टमनला गाठलं. उत्तरेश्वर त्याच्याच भागातला निघाला. चहा पाजून रोहनने त्याला सगळं सांगून टाकलं. इतकं मोकळं तो पुण्यात आल्यापासून कुणाशी बोलला नव्हता.

“काळजी करू नका,” उत्तरेश्वर म्हणाला. “तुमचं पाकीट तुमच्याच हातात देतो.”

गावाहून वडिलांचा, भीमरावांचा, फोन येई.

“आलं का रे?”

“येईल, बाबा.”

“मी येऊ का दोन-चार दिवस? राहतोस कसा ते बघून जातो.”

“नको, बाबा. मालकीणबाईंना पाहुणे चालत नाहीत.”

फोन ठेवल्यावर रोहनला स्वतःची लाज वाटली.

गावी त्याच्या बायकोला, कल्याणीला, दिवस गेले होते. तिला बाळंतपणाआधी पुण्याला आणायचं होतं. ड्रायव्हरचा पगार सुरू झाला की येरवड्याला मामाच्या शेजारी खोली घ्यायची, हे दोघांचं ठरलं होतं. “तिथं तसबीर लावता येईल,” ती म्हणाली होती. रोजचं तेवढंच एक बोलणं त्याला जगवत होतं.

पण पाकीट येईना. शुक्रवारी रतनशेठनी बोलावलं. “सोमवारी गाडी लागतीय कंपनीला. तोवर लायसन नसेल तर दुसऱ्याला बसवणार. मला वाईट वाटेल, पण बसवणार.”

शनिवारी रोहन कामावर गेलाच नाही. दुपारभर फाटकाशी उभा राहिला. यमुनाबाई कढीलिंबाला पाणी घालायला बाहेर आल्या आणि त्याच वेळी स्कूटी येऊन थांबली. उत्तरेश्वर नव्हता. पोस्टाची पिशवी घेतलेली एक तरुण मुलगी होती.

“ते गावाला गेलेत,” ती म्हणाली. “त्यांच्या बदली मी. स्पीड पोस्ट आहे, सही लागेल. कांबळे कोण?”

“कांबळे?” यमुनाबाईंनी झारी खाली ठेवली. “पत्ता नीट वाचा.”

“पत्ता हाच आहे, आजी.”

“मग माणूस चुकलाय. या घरात आडनाव विचारून खोली देतात. आणि मी तुमची आजी नाही.” त्या रोहनकडे वळल्या. “काय हो देशमुख, तुमच्या माहितीत आहे का कोणी कांबळे?”

“नाही,” रोहन म्हणाला.

“मग तसं यावर लिहून सही द्या,” मुलगी म्हणाली. “म्हणजे आजच माघारी लावते. मला परत फेरी नको.”

“द्या हो तुम्हीच,” यमुनाबाई म्हणाल्या. “माझा चष्मा आत राहिलाय.”

रोहनने पाकीट फाटकाच्या खांबावर पालथं ठेवलं आणि मागे लिहिलं, ‘या नावाचा इसम येथे राहत नाही.’ खाली देशमुख अशी सही केली. मग पाकीट उलटून त्याने वरचं नाव एकदा वाचलं आणि ते मुलीच्या हातात दिलं.

रोहन भीमराव कांबळे.