चौकातल्या सभेचं शूटिंग

मेकअपच्या गाडीच्या दाराला मेलेला कावळा टांगलेला होता. मेकअप करणाऱ्या स्नेझिनानं तोंडावर हात दाबला. सिनेमाची नायिका तेमेनुगानं दोरी सोडवली, कावळा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला, हात धुतले आणि आरशासमोर येऊन बसली.

"कर सुरू, मावशी. आज सभेचा सीन."

"पोरी, नको चढूस त्या मंचावर. परवा काचेवर दगड, आज हे. पोलीस काय म्हणाले?"

"पोरं असतील, म्हणाले."

"पोरं फोनवर गळा चिरायच्या गोष्टी करतात होय?"

तेमेनुगानं डोळे मिटून चेहरा पुढे केला.  स्नेझिनाला तिच्या गालावरची रेघ दोनदा पुसावी लागली.

सिनेमाचा पहिला भाग देशभर चालला होता. त्यात तेमेनुगानं रंगवलेली, लग्नांत गाणारी त्सोना चुकून वकील होते आणि भर कोर्टात गात गात एका बकरीचा खटला जिंकते. लोक पोट धरधरून हसले. या दुसऱ्या भागात त्सोना निवडणुकीला उभी राहते, कारण नगराध्यक्षानं गावाचं सार्वजनिक न्हाणीघर विकून टाकलेलं असतं. डॅन्यूब नदीकाठचं हे गाव दिग्दर्शक बोगोमिलनं निवडलं ते केवळ चौक देखणा म्हणून. इथला खरा नगराध्यक्ष काराजोव्ह यानं गावाचं इस्पितळ विकलंय आणि तिथे आता कॅसिनो चालतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

गावानं मात्र दोन्ही गोष्टींची सांगड घातली. तेमेनुगाला कुणी तिच्या नावानं हाक मारीना. जो तो "वकीलबाई!" म्हणून थांबवी. दोब्री नावाचा म्हातारा कोळी तर वाळवलेले मासे घेऊन तिच्या दारात बसला होता.

"वकीलबाई, माझी बायको रस्त्यातच गेली. शेजारच्या शहरात नेईपर्यंत श्वास पुरला नाही तिला."

"आजोबा, मी नटी आहे हो. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"त्सोनाला तरी कुठे कळत होतं?" म्हातारा म्हणाला होता.

त्या दिवसापासून तेमेनुगा संवादात 'न्हाणीघरा'ऐवजी 'इस्पितळ' म्हणू लागली. आणि धमक्यांचे फोन सुरू झाले.

"बोगोमिल कुठाय?" स्नेझिनानं विचारलं. ती गावाबाहेर बहिणीकडे उतरली होती आणि नुकतीच पोचली होती. "युनिटचं एक माणूस दिसत नाही."

"कॅमेरे छपरांवर लपवलेत. बाकीचे गर्दीत मिसळलेत. सभा खरी वाटली पाहिजे ना! वर बघायचं नाही, अशी ताकीद आहे." तेमेनुगानं तिचा हात धरला. "घाबरू नकोस, मावशी. इतक्या कॅमेऱ्यांसमोर मला कोण हात लावणार?"

ते ऐकून स्नेझिनाच्या जिवात जीव आला.

चौक गच्च भरला होता. शूटिंगची दवंडी आठवडाभर फिरत होती, त्यामुळे तान्ह्या पोरांना घेऊनही बाया आल्या होत्या. कॅसिनोच्या दारात कातडी जाकिटं घातलेले तिघे उभे होते. त्यांच्या मागे काराजोव्हची काळी गाडी, काच अर्धी खाली.

तेमेनुगा भोंगा घेऊन मंचावर चढली. कुणीतरी ओरडलं, "गाणं म्हण की, त्सोना!" हशा पिकला.

"आज गाणार नाही," ती म्हणाली. "आज तुमचं इस्पितळ कुठे गेलं ते विचारणार आहे."

हशा विरला. तिनं दोब्रीला वर बोलावलं आणि भोंगा त्याच्या तोंडापाशी धरला. म्हाताऱ्यानं बायकोचं नाव सांगितलं. मग गर्दीतून दुसरं नाव आलं. मग तिसरं.

जाकीटवाले तिघे गर्दीला बाजूला लोटत मंचाकडे निघाले. स्नेझिना मंचाची पायरी घट्ट धरून पुटपुटत होती, "कट म्हण रे बोगोमिल, कट म्हण!" त्यांतल्या एकानं वर चढून तेमेनुगाचा दंड पकडला. भोंगा खाली पडला. स्नेझिनानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मंचावर बायाच बाया होत्या. कडेवरची पोरं घेऊन त्या तेमेनुगाभोवती कडं करून उभ्या राहिल्या होत्या. जाकीटवाल्याला हात उचलायलाही जागा उरली नव्हती. तो मागे सरकत सरकत खाली उतरला. काळ्या गाडीची काच वर गेली, आणि गाडी निघून गेली.

तेमेनुगा कशीबशी पायऱ्या उतरली.  स्नेझिनानं तिला मिठी मारली. आपण हसतोय की रडतोय, हे स्नेझिनालाच कळेना.

"काय सीन झाला गं! बोगोमिलला सांग, आता पुन्हा नको घेऊस बाबा, माझं काळीज बंद पडेल!" छपरांकडे बघत तिनं दोन्ही हात हलवले. "आलं का रे सगळं? नीट आलं का?"

तेमेनुगानं हळूच तिचे हात खाली घेतले.

"वर कुणी नाही, मावशी. धमकीचा फोन बोगोमिललाही आला होता. सगळं युनिट पहाटेच निघून गेलं. तुला कळवते, असं मीच त्यांना म्हणाले होते."