फारुखभाईंचा हात

वामनरावांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून ठाण मांडलं. दुसरबीडला फारुखभाईंच्या दुकानात गिऱ्हाईक असं बसत नसे. घड्याळ द्यायचं, चहा प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी न्यायला यायचं, अशी गेल्या दोन वर्षांची रीत होती.

"आज इथंच बसतो मी," वामनराव म्हणाले. "घड्याळ जावयाचं हाय, प्रसेनजितचं, विलायती. दोन एकरातलं सोयाबीन इकलं तरी येनार नाही असं. त्यानं बजावून सांगतलं, मामा, नजरेआड होऊ देऊ नका, लोकं आतले पार्ट बदलून टाकतात. राग नोका मानू फारुखभाई. तुमच्यावर भरवसा हाय, पन जावयाचा मामला हाय."

"राग कायचा?" फारुखभाई हसले, आणि त्यांनी दोन्ही हात हळूच टेबलाखाली नेले.

त्या हातांना दोन वर्षांपूर्वी कंप सुटला होता. चहाचा ग्लास तोंडापर्यंत नेताना अर्धा सदऱ्यावर सांडायचा, तिथे घड्याळाचं चक्र काय बसणार! तेव्हापासून मागच्या खोलीत बसून सगळी घड्याळं खैरुन्निसा करत होती. चाळीस वर्षं नवऱ्याच्या हाती चिमटे देता देता ती सगळं शिकली होती. आणि बीबी गावापासून देऊळगावपर्यंत लोक मात्र फारुखभाईंच्या हाताच्या शपथा घेत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज ती उघडायची वेळ आली होती, तीही थरथरत.

हत्यार नाही म्हणून सांगावं, शहरात न्या म्हणावं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं. वामनराव गेले असते आणि नावही राहिलं असतं. पण घड्याळ उचललं तेव्हा आत काहीतरी सुटं खडखडलं. आतल्या फिरत्या पात्याचा स्क्रू निसटला होता, अर्ध्या तासाचं काम. आणि आतल्या दारात खैरुन्निसा येऊन उभी होती. असं घड्याळ तिनं कधी उघडलं नव्हतं. तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. ते परत पाठवणं फारुखभाईंच्या जिवावर आलं.

"सुनती हो? जरा बाहर आओ," ते म्हणाले, आणि स्वतःच्या खुर्चीवरून उठले.

"ह्या करनार?" वामनरावांनी घड्याळावर हात ठेवला.

"हाव. माह्या हाताले कंप सुटला, वामनराव. तुमी समोरच बसा, पाहा."

खैरुन्निसा बसली. तिनं ओढणीचं टोक टेबलाच्या खणात अडकवलं आणि बाकीची ओढणी मांडीवर झोळीसारखी पसरली. काही निसटलं तर त्यातच पडावं. फारुखभाईंनी उभा जन्म जमिनीवर रांगून स्क्रू शोधण्यात घालवला होता, पण ही युक्ती त्यांना कधी सुचली नव्हती.

"पंखा बंद करा," ती म्हणाली. बटण वामनरावांच्या बाजूला होतं. शंभर एकरांचा मालक मुकाट्यानं उठला आणि बटण दाबून बसला.

तिनं भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि बराच वेळ काहीच केलं नाही, नुसतं पाहत राहिली. मग चिमटा आत गेला आणि एका चाकाखालून खसखशीच्या दाण्याएवढा स्क्रू घेऊन बाहेर आला. स्क्रू जागेवर बसला. पातं फिरलं, आणि कुठेही न घासता फिरत राहिलं. फारुखभाई तिच्या मागे उभे होते. असा हात भर उमेदीतही आपला नव्हता, हे त्यांना लख्ख दिसत होतं, आणि त्याचं वाईट वाटण्याऐवजी त्यांची छाती भरून येत होती.

झाकण लागलं. सेकंदाचा काटा चालू लागला. वामनरावांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि उघडले.

"वा, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी बाही वर सारली आणि स्वतःच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडलं. काचेवर ओरखडे होते, पट्टा तिसरा की चौथा. भंगारवाल्यानं त्याचे शंभर रुपयेही दिले नसते. ते त्यांनी दोन्ही हातांनी खैरुन्निसापुढे ठेवलं.

"हे माह्या बापाचं. जावयाचं हरपलं त दुसरं येईन, हे कुठून आनू? आजवर फारुखभाईशिवाय कोनाचा हात लागू देल्ला नाही याले. आता तुमी पाहा."

खैरुन्निसानं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

"लागला हाय, वामनराव," फारुखभाई म्हणाले. "दोन साल झाले, याले हिचाच हात हाय. मी तुमाले सांगतलं नाही."

वामनरावांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा फारुखभाईंकडे. फारुखभाई खाली मान घालून उभे राहिले.

"तरीच!" वामनराव म्हणाले. "दोन सालापासून थे मिनिटभर मागं पडलं नाही. त्याच्या आंधी रोज पाच मिनिटं मागं पडे. तुमाले वाईट वाटन म्हनून मी कधी बोललो नाही."