पायलटची किंमत

"ते कलम-बिलम राहू द्या जरा," असं म्हणून आयकर ट्रिब्युनलच्या साहेबांनी चष्मा काढला आणि थेट पोपटरावांकडे पाहिलं. "बैल नेमका कितीला विकला?"

पोपटरावांनी मागं वळून पाहिलं. उत्तर तर त्यांना पाठ होतं. पण मागच्या बाकांवर अख्खं वडगाव रासाई बसलं होतं. शर्यतीला निघावीत तशी माणसं तीन जीपगाड्या भरून पुण्याला आली होती आणि त्यांना पोपटरावांनीच आग्रहानं आणलं होतं.

पायलट हा त्यांचा शर्यतीचा बैल. चार वर्षांपूर्वी तो दौंडच्या म्हस्कूशेठला एक लाख दहा हजारांना दिला. नोटा बायकोनं, धुरपदाबाईनं, ओट्यावर बसून दोनदा मोजल्या होत्या. पण बैलगाडा शर्यतीच्या जगात खरी किंमत सांगणं म्हणजे विकणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि बैलाची, तिघांचीही बेअब्रू. म्हणून रीतीप्रमाणे चौकात फ्लेक्स लागला: 'तब्बल एकावन्न लाख!' डावीकडे गॉगल घातलेले पोपटराव, उजवीकडे हार घातलेले म्हस्कूशेठ, मधे पायलट. तिघांत त्यातल्या त्यात सभ्य बैलच दिसत होता.

त्या फ्लेक्सचा व्हिडिओ फिरत फिरत आयकर खात्यात पोचला. एकावन्न लाखांचं उत्पन्न का दाखवलं नाही, अशी नोटीस आली. खरा आकडा एका ओळीत कळवला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ती ओळ टाइप करायला शेजारच्या न्हावरे गावात जावं लागलं असतं आणि न्हावऱ्यात टाइप झालेलं संध्याकाळपर्यंत तालुक्याला पाठ होतं. लग्नकार्यात पहिल्या पंगतीचा मान, एकावन्नवाले आबा ही पदवी, सगळं गेलं असतं. पोपटरावांनी नोटीस गव्हाच्या कोठीत सारली. मागून आलेल्या दोनही तिथंच सारल्या. शेवटी एकतर्फी आदेश निघाला. कर, व्याज, दंड धरून बावीस लाख. भीमेकाठचा दोन एकर ऊस जमिनीसकट विकला, तरच एवढी रक्कम उभी राहणार होती.

मग शिरूरच्या सुमित वकिलाचे पाय धरले. सुमितनं पुण्याच्या ट्रिब्युनलात अपील लावलं आणि अलीकडच्या निकालांचा हा एवढा गठ्ठा काढला. अमक्या खटल्यात नोटीस मुदतीनंतर निघाली म्हणून आदेश रद्द, तमक्यात ती भलत्याच पत्त्यावर गेली म्हणून रद्द. "आबा, तुमची नोटीस मुदत उलटून निघाली हाय," तो म्हणाला. "आपन कार्यपद्धतीवर जिंकू. किमतीचा विषयच निघनार न्हाई." हे ऐकलं आणि पोपटरावांनी निर्धास्तपणे जीपगाड्या ठरवल्या.

आणि आता विषय निघाला होता.

"साहेब, मुदतीचा मुद्दा..." सुमित उठला.

"तो मुद्दा मला कळला. मी यांना विचारतोय."

पोपटरावांना समोर दोन एकर ऊस दिसला. मागे पुतण्या दत्ता घसा खाकरत होता. मान की जमीन, एवढाच सवाल राहिला होता. त्यांनी डोळे मिटले.

"एक लाख धा हजार, साहेब. फ्लेक्सवर खोटं हाय. मीच लिवाया सांगितलं. आमच्याकडं समदेच लिवत्यात."

पोपटरावांचे कान तापले. साहेबांनी खात्याच्या वकिलांना विचारलं, फ्लेक्सशिवाय दुसरा पुरावा आहे का? नव्हता. फ्लेक्सवर छापलेली रक्कम म्हणजे हातात पडलेली रक्कम नव्हे, असं सांगून साहेबांनी तिथल्या तिथं आदेश रद्द केला. जमीन वाचली होती. पोपटराव मात्र मान खाली घालूनच बाहेर आले. आता हसू होणार, याची खात्रीच होती.

दत्तानं येऊन मिठीच मारली. "मानलं आबा. पन्नास लाख एका वाक्यात गायब केलं. चेहऱ्यावरची माशी हालली न्हाई."

"आरं, खरंच एक लाख धा हजार."

"व्हय की. आमी कुठं न्हाई म्हनतोय," म्हणून दत्तानं डोळा मारला.

वाटेत पोपटरावांनी भैरोबाची शपथ घेतली. जीपमधल्या लोकांना ती फार आवडली. चहाला थांबले तर फोनवरून बातमी कळलेले दोन अनोळखी बागायतदार तिथं वाट बघत उभे. त्यांनाही नोटीस आली होती आणि एकावन्नवाल्या आबांचा सल्ला हवा होता. गावात शिरेपर्यंत पोपटरावांचा मान दुप्पट झाला होता आणि खरं सांगायची त्यांची हौस फिटली होती. निदान घरात तरी खरं खरंच राहील, या विचारानं त्यांनी फाटक उघडलं.

गोठ्याची जमीन उकरलेली होती. मधोमध गुडघाभर खड्डा, आणि पदर खोचून धुरपदाबाई दुसऱ्या खड्ड्याला कुदळ लावत होत्या.

"आगं, नोटा तर तूच मोजल्या व्हत्यास," पोपटराव रडकुंडीला येऊन म्हणाले.

"मोजल्या की. दोनदा," धुरपदाबाई कुदळ न थांबवता म्हणाल्या. "पर दत्तानं फोनवर सांगितलं, तुमी साहेबापुढं एक लाख धा हजार म्हनलात, म्हंजी खरं बोललात. तीस वर्सं संसार केलाय म्या तुमच्यासंगं. तवाच म्हनलं, मोठी रक्कम कुठंतरी पुरून ठेवल्याबिगर हा मानूस खरं बोलायचा न्हाई."