दुसरी किल्ली

"मुलीचा अंगठा लागल्याशिवाय माझी फाइल उघडणार नाही," साखळीवाल्यांनी पुन्हा बजावलं. "नियम म्हणजे नियम. आणि तो मीच केलाय."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. उद्या साखळीवाल्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. "येताहेत त्या. आणि ज्या गोळीने मागे तुमच्या अंगावर पित्त उठलं होतं, ती आपण देणार नाही. निश्चिंत राहा."

साखळीवाल्यांचं लक्ष दाराकडे होतं.

हे नाव त्यांना वॉर्डातल्या नर्सनी ठेवलेलं. रुग्णांची माहिती ब्लॉकचेनवर आणणाऱ्यांतले ते अगदी पहिल्या फळीतले. एकच नोंद शेकडो संगणकांवर, प्रत्येक नोंद साखळीच्या कडीसारखी आधीच्या नोंदीला जोडलेली. गुपचूप खाडाखोड करणं कुणाच्या बापाला जमणार नाही. फाइल उघडायला दोन किल्ल्या, एक रुग्णाची आणि एक घरच्या माणसाची. देशोदेशीच्या परिषदांत त्यांनी हे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं. बायकोच्या शेवटच्या आजारपणातही ते असेच कुठल्यातरी व्यासपीठावर होते. उशाशी मुलगी एकटी बसून होती.

त्यानंतर तिने घरात पाऊल ठेवलं नाही. ते टीव्ही मोठ्याने लावून जेवत. बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. या आजारपणाने ते घाबरले होते, पण त्याहून जास्त भीती ती न येण्याची होती.

दुपारी मुलगी आली. खांद्याला भलीमोठी बॅग.

"एका अंगठ्यासाठी एवढा प्रवास!" ती आल्या आल्या तडकली. "साखळी बांधलीत तुम्ही, बाबा, आणि फरफट माझी."

"नाइलाज आहे गं. दुरून चालतच नाही ते."

डॉक्टरबाईंनी यंत्र पुढे केलं. तिने अंगठा टेकवला. यंत्र टुक् करून वाजलं. मग तिने त्यांची उशी सारखी केली, चष्मा पुसून दिला आणि "किती वाळलात," असं पुटपुटली. त्यांना एकदम भरून आलं.

"लगेच निघणार?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"बघते. गाडी चुकली तर राहावं लागेल," ती म्हणाली आणि चहा आणायला खाली गेली.

दार लागलं तसं साखळीवाल्यांनी डॉक्टरबाईंना खुणेने जवळ बोलावलं.

"एक विनंती आहे. घरच्यांना फोनवरूनही परवानगी देता येते. ती सोय मीच करून ठेवलीय. पण तिला तेवढं कळू देऊ नका. कळलं तर ती परत यायची नाही."

"तुम्हाला कळू देऊ नका, असं त्यांनीही मला बजावलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांची परवानगी कालच फोनवरून आलीय."