मंडईतल्या भाज्यांची नावं

दर मंगळवारी सकाळी तपासणीचा फोन येई. पलीकडे माणूस नसे. नुसत्या बोलण्यावरून यंत्र स्मरणशक्ती जोखत असे, आणि नितीन नापास झाला तर त्याची रवानगी विस्मृती केंद्रात होणार होती. म्हणून त्याची बायको हर्षदा त्याला खेटून बसे आणि त्याच्या कानात उत्तरं कुजबुजे.

“मंडईतल्या भाज्यांची नावं सांगा,” यंत्र म्हणालं.

“कोबी, गवार, पडवळ...” नितीन अडखळला.

“अरे, ते हिरवं... शिरा असतात बघ त्याला,” हर्षदा घाईघाईने कुजबुजली.

“दोडका!”

थोड्या वेळाने निकाल आला. नितीनची प्रकृती स्थिर होती; घरात सांभाळणारं कुणी असेल तर तो घरीच राहू शकत होता. हर्षदाचा जीव भांड्यात पडला.

“आता शेजारी बसलेल्या बाईंशी बोलायचं आहे,” यंत्र पुढे म्हणालं. “तुम्ही सुचवलेली उत्तरं आम्ही कधीच धरली नाहीत. पण तुमचा आवाज ऐकत होतो. तुम्हाला साधे शब्द सापडेनासे झालेत. तुमची तपासणी लगेच व्हायला हवी.”

मघाशी ‘दोडका’ हा शब्द हर्षदाला खरंच सुचला नव्हता.

“मी पास झालो ना गं?” नितीनने विचारलं.

“झालास.”

ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं. “माझं कुणाला कळवू नका हो,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “त्याला सांभाळणारं दुसरं कुणी नाही.”

“बाई,” यंत्र म्हणालं, “हेच तुम्ही मागच्या मंगळवारीही म्हणाला होतात.”